कोब्राची रेप्लिका घेताना: गाडी कशी पारखायची आणि पैसा कुठे टिकतो

हृदयाच्या दुखण्यामुळे टेक्सासच्या कॅरोल शेल्बीला शर्यती सोडाव्या लागल्या. पण गाड्या सुटल्या नाहीत. लंडनजवळच्या थेम्स डिटनमध्ये एसी कार्स ही छोटी कंपनी ‘एस’ नावाची हलकी, उघडी गाडी बनवायची. १९६२ साली शेल्बीने तिच्यात फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्मली. पुढच्या पाच-सहा वर्षांत जेमतेम हजार गाड्या बनल्या. त्यातली अगदी पहिली, जिच्या चॅसीचा (सांगाड्याचा) नंबर सीएसएक्स २०००, ती २०१६ साली कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. साधी अस्सल ४२७ (४२७ घन इंची इंजिनाची कोब्रा) घ्यायची म्हटली तरी दहा लाख डॉलरच्या खाली हात लावता येत नाही.

म्हणूनच या गाडीच्या रेप्लिका, म्हणजे नकला, इतक्या निघाल्या. इंग्लंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, पोलंड. कुणी कारखान्यात बांधल्या, कुणी घराच्या गॅरेजात. जाहिरातीतल्या फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात एकीत आणि दुसरीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, किमतीतही आणि जिवाच्या सुरक्षिततेतही.

मी मूळचा चिंचवडचा. उमेदीची वर्षं प्रेस शॉपमध्ये गेली, गेली पंधरा वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये आहे. दोन कोब्रा रेप्लिका स्वतः घेतल्या, आणि मित्रांसाठी तीसेक तरी पाहिल्या. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे फोन येतात, “दादा, अमुक गाडी बघितली, घेऊ का?” त्यांना जे तुकड्या-तुकड्यात सांगतो ते इथे सलग लिहितो आहे.

पायरी १: गाडी कोणत्या घराण्यातली ते ओळखा

सर्वात वरचं घराणं ‘कंटिन्युएशन’ गाड्यांचं. शेल्बीच्या स्वतःच्या कंपनीने पुढे पुन्हा बनवलेल्या सीएसएक्स ४००० मालिकेतल्या गाड्या यात येतात. बॉडी फायबरची किंवा अॅल्युमिनियमची, दोन्ही मिळतात. शेल्बी मालकांच्या क्लबाच्या नोंदवहीत या गाड्यांची नोंद होते, आणि भाव टिकण्याचं मुख्य कारण ती नोंद आहे.

दुसरं घराणं कारखान्यात बांधलेल्या गाड्यांचं. सुपरफॉर्मन्स आणि बॅकड्राफ्ट या दोन्हींच्या गाड्या दक्षिण आफ्रिकेत बांधल्या जातात आणि मुख्यतः अमेरिकेत विकल्या जातात. सुपरफॉर्मन्सकडे शेल्बीचा परवाना आहे. या गाड्या इंजिन-गिअरबॉक्सशिवाय, बाकी पूर्ण तयार अशा येतात. इंजिन नंतर डीलर किंवा मालक बसवतो. त्यामुळे बॉडी, रंग, वायरिंग, सस्पेन्शन हे सगळं एकाच हाताचं असतं आणि दहा गाड्या पाहिल्या तर दहाही सारख्या निघतात. विकत घेणाऱ्याला ही खात्री फार मोलाची वाटते. यूटामधली कर्कहॅम याच्याही पुढे जाते: तिची अॅल्युमिनियमची बॉडी पोलंडमध्ये, एके काळी मिग विमानं बनवणाऱ्या कारखान्यात घडवली जाऊ लागली. विमानाचा पत्रा वळवलेले कारागीर गाडीचा पत्रा वळवतात तेव्हा काय होतं, ते एकदा हात फिरवून पाहावं.

तिसरं घराणं किटचं. अमेरिकेत फॅक्टरी फाइव्ह, इंग्लंडमध्ये डॅक्स, पिल्ग्रिम, एके, गार्डनर डग्लस, हॉक. कंपनी चॅसी आणि बॉडी देते, बाकीचं जमवून जोडायचं काम मालकाचं. इथे कंपनीचं नाव अर्धीच गोष्ट सांगतं. उरलेली अर्धी बांधणाऱ्याच्या हातात असते. फॅक्टरी फाइव्हची एक गाडी मी अशी पाहिली आहे की नट-बोल्ट ठरलेल्या जोराने आवळल्याची रंगाची खूण एकूण एक जागी होती. त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीत पेट्रोलची नळी सायलेन्सरला चिकटून जात होती.

तेव्हा जाहिरात पाहून पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीची?’ आणि लगेच दुसरा, ‘बांधली कुणी?’ दुसऱ्याचं उत्तर मिळत नसेल तर मी पाहायलाही जात नाही.

पायरी २: २८९ की ४२७, ते आधी ठरवा

सुरुवातीच्या कोब्राची (२८९ हे तिच्या इंजिनाचे घन इंच) चॅसी ३ इंची दोन नळ्यांची, सस्पेन्शन पाट्यांच्या स्प्रिंगवर, अंग सडपातळ. १९६५ ला आलेल्या ४२७ साठी नळ्या ४ इंची झाल्या, कॉइल स्प्रिंग आल्या आणि मागची चाकं झाकायला बॉडी फुगली. बाजारातल्या बहुतेक रेप्लिका या दुसऱ्या, फुगीर रूपाच्या आहेत, कारण लोकांच्या डोळ्यांत तेच रूप बसलं आहे.

माझं मत विचाराल तर नीट बांधलेली २८९ ही जास्त शहाणी खरेदी आहे. हॉकसारखी, एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे भाग वापरणारी गाडी वजनाला हलकी, चालवायला गोड. संख्येने कमी असल्याने विकायला काढली की चारचौघींत उठून दिसते. मात्र गिऱ्हाईकही मोजकंच असतं, तेव्हा विकायची घाई असणाऱ्याने ४२७ च पाहावी.

पायरी ३: पैशाचा हिशेब आधी, प्रेम नंतर

किट बांधणाऱ्या माणसाला त्याचे पैसे परत मिळाल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. समजा एखाद्याने किट, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रंग, सीट मिळून ४५,००० पौंड घातले. त्यावर दोन-तीन वर्षांचे शनिवार-रविवार घातले. विकताना त्या शनिवार-रविवारांचा एक पैसाही कुणी देत नाही, उलट सामानाचे पूर्ण पैसेही निघत नाहीत. म्हणजे दुसऱ्या मालकाला पहिल्याचे हजार तास फुकट मिळतात. म्हणून पैसा टिकवायचा असेल तर बांधून झालेली, चार-सहा वर्षं रस्त्यावर धावलेली, पहिल्या मालकाने मन लावून जोडलेली गाडी घ्या. बांधण्याचाच आनंद हवा असेल तर जरूर किट घ्या, पण तो खर्च छंदाच्या खात्यावर टाका.

‘गुंतवणूक’ हा शब्द रेप्लिकेच्या बाबतीत जपून वापरावा. कंटिन्युएशन गाड्या आणि कर्कहॅमसारख्या अॅल्युमिनियमच्या गाड्या भाव धरतात. सुपरफॉर्मन्ससारखी कारखान्यातली गाडी हळूहळू उतरते आणि मग एका पातळीला स्थिर होते. घरगुती किट कुठे थांबेल ते तिच्या कागदांवर आणि बांधणीवर ठरतं. मी मित्रांना एकच हिशेब मांडायला सांगतो: पाच वर्षांनी विकली तर विमा, देखभाल, गॅरेज धरून वर्षाला किती पडली? नवी कोरी गाडी शोरूममधून काढली की पहिल्याच वर्षी जेवढा भाव पडतो, त्याच्यापेक्षा हा आकडा कमी निघत असेल तर सौदा चांगला.

पायरी ४: गाडी पाहण्याआधी कागद पाहा

ही पायरी लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच बुडतात.

ब्रिटनमध्ये नव्याने बांधलेल्या किट कारला आयव्हीए ही तपासणी पार करावी लागते. २००९ पर्यंत तिच्या जागी एसव्हीए होती. त्याचं प्रमाणपत्र मागा. मग व्ही-५-सी म्हणजे नोंदणीचं पुस्तक उघडा आणि त्यात गाडीचं नाव काय लिहिलं आहे ते पाहा. ऐंशी-नव्वदच्या दशकात बांधलेल्या कित्येक रेप्लिका अजूनही कागदावर ‘जॅग्वार एक्सजे ६’ किंवा ‘फोर्ड कॉर्टिना’ आहेत, कारण इंजिन-अॅक्सल त्या डोनर गाडीचे (जिचे भाग काढून वापरले तिचे) होते आणि मालकाने पुस्तक बदललंच नाही. अशी गाडी आज बिनबोभाट चालते, पण उद्या नोंदणी खात्याने प्रश्न विचारला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. गाडीचं वय किंवा ओळख पक्की नसेल तर तिला क्यू अक्षराने सुरू होणारी नंबर प्लेट मिळते. क्यू प्लेट बेकायदा नाही, पण विकताना भाव खाली ओढते. ती असेल तर घासाघीस करायचा हक्क तुमचा.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. एका राज्यात टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘१९६५ कोब्रा’ लिहून मिळतं, दुसऱ्यात ‘जुळवलेलं वाहन’. कॅलिफोर्नियात एसबी १०० या कायद्याखाली वर्षाला फक्त ५०० गाड्यांना धुराच्या नियमातून विशेष सवलत मिळते, आणि ती मिळालेल्या गाडीला तिथे चांगली मागणी असते. गाडी दुसऱ्या राज्यातून आणायची असेल तर तुमच्या राज्यात ती कोणत्या नावाने नोंदली जाईल हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. २०१५ मध्ये अमेरिकी संसदेने छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत पूर्ण तयार रेप्लिका विकायची मुभा दिली, पण नियमावली यायला कित्येक वर्षं गेली. म्हणून जुन्या बहुतेक गाड्यांत इंजिन वेगळं बसवलेलं सापडेल. त्यात वावगं काही नाही. इंजिन कुणी बसवलं त्याचं बिल मात्र हवं.

भारतात नेऊ, असं मनात असेल तर तो विचार इथेच सोडून द्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेत नोंद मिळते, पण त्याला चॅसी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असावं लागतं. जुन्या रूपाची नवी गाडी त्यात बसत नाही. भारतातच एखाद्या गाडीवर नवी बॉडी चढवावी म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. उत्पादकाच्या मूळ आराखड्याशी विसंगत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तरीही अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर रोडस्टर बांधली, अॅम्बॅसॅडरमध्ये यायचं तेच १.८ लिटरचं इसुझू इंजिन घालून. आपल्या कोकणात असं धाडस कुणी केलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणखी एक: डॅशबोर्डवर ‘सीएसएक्स’ कोरलेली पट्टी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. पट्टी कुणीही विकत घेऊन लावतं. चॅसीवर ठोकलेला नंबर, कागदावरचा नंबर आणि शेल्बी क्लबाच्या नोंदवहीतला नंबर, तिन्ही जुळले तरच ती गाडी सीएसएक्स.

पायरी ५: बॉडी

उन्हात पाहा, आणि रंग कोरडा असताना. पावसाचं पाणी असलं की सगळे दोष झाकले जातात. फायबर ग्लासची बॉडी साच्यात बनते: आधी जेलकोटचा थर, मग काचेच्या चटया आणि रेझिन. घाईत साच्यातून काढली असेल तर काही वर्षांनी काचेच्या चटईची वीण रंगाखालून उमटते. खाली वाकून पॅनेलवरून तिरपी नजर टाकली की कापडासारखं पोत दिसतं.

मडगार्डच्या कडा, बॉनेटच्या बिजागऱ्या आणि दाराचे कोपरे इथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा शोधा. एखादी भेग दगड लागून पडलेली असू शकते. बिजागरीभोवती चांदणीसारख्या भेगा असतील तर खालचा आधार हलतो आहे, आणि नुसतं रंगवून ते थांबणार नाही. मग नाण्याने हलकेच ठोकत जा. भरीव आवाज मध्येच पोकळ झाला तर तिथे थर सुटला आहे किंवा हवा अडकली आहे. दाराच्या आणि डिकीच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते बोटाने मोजा.

अॅल्युमिनियमच्या बॉडीत भेगा वेल्डजवळ आणि स्टीलच्या नळीला टेकते तिथे शोधा. दोन धातू एकमेकांना थेट लागले आणि ओल आली की अॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. मधे रबर किंवा फेल्टची पट्टी आहे का, हात घालून बघा.

पायरी ६: चॅसी आणि सस्पेन्शन

इथे मी चुकलो होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. माझी पहिली गाडी दिसायला देखणी होती. एका लहान वर्कशॉपने बांधलेली, रंग आरशासारखा. विकत घेतली आणि पीक डिस्ट्रिक्टच्या उंचसखल रस्त्यावर नेली. प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपणहून डावीकडे वळायची. स्टिअरिंग रॅक सस्पेन्शनच्या खालच्या-वरच्या आर्मच्या जोडांशी जुळणाऱ्या उंचीवर बसवलेला नव्हता. चाक वर गेलं की टाय रॉड (रॅकपासून चाकाला जाणारी दांडी) त्याला ओढून फिरवायचा. चार-पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत हा दोष माणूस मारू शकतो. ब्रॅकेट कापून पुन्हा वेल्ड करून घेतले, त्यात दोन हजार पौंड आणि पूर्ण उन्हाळा गेला. मालक घासाघिशीत दीड हजार पौंडांवर अडला होता, आणि मी ते जादा देऊन गाडी मिळाली याचा आनंद मानत होतो.

तेव्हा गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय बोलणी करू नका. वेल्ड एकसारखा, नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखा दिसायला हवा. डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअर) जिथे चॅसीला बांधलेलं असतं त्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यांत केसासारखी भेग शोधा, कारण व्ही-८ चा सगळा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, तिथे येतो. चौकोनी नळ्यांची चॅसी असेल तर खालची पाण्याची भोकं उघडी आहेत ना, ते पाहा. बंद भोकांची चॅसी आतून गंजते. ब्रिटिश गाड्यांत जुन्या जॅग्वारचं मागचं सस्पेन्शन वारंवार भेटतं. ते मजबूत आहे, पण ब्रेक डिस्क चाकात नसून डिफरन्शिअलला लागून असतात. त्यांच्या उष्णतेने ऑइल सील जातात आणि पॅड बदलायला हात घालायची जागा नसते. तेलाचे डाग दिसले तर दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करा.

पायरी ७: वायरिंग

फायबरच्या बॉडीतून वीज वाहत नाही. स्टीलच्या गाडीत दिव्याची अर्थिंग बॉडीतूनच होते. इथे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, टाकीच्या मीटरला वेगळी अर्थची तार लागते. घरगुती बांधणीत सर्वात जास्त चुका इथे होतात. सगळे दिवे एकदम लावा, मग इंडिकेटर द्या, मग ब्रेक दाबा. एक लावल्यावर दुसरा मिणमिणला किंवा इंधनाचा काटा नाचला, तर अर्थ कच्ची आहे. डॅशखाली डोकं घालून पाहा: तारा रंगांप्रमाणे, बांधलेल्या, फ्यूजवर नावं लिहिलेल्या असतील तर बांधणारा शिस्तीचा माणूस. चिकटपट्टीचे गुंडाळे दिसले तर बाकीची गाडीही त्याच हाताने बांधली आहे.

पायरी ८: इंजिन

फोर्डची ३०२ किंवा ३५१ विंडसर सोयीची. सुटे भाग सहज मिळतात आणि गाडीच्या वंशाला शोभतात. ४२७ किंवा त्याच घराण्यातलं मोठं एफई इंजिन असेल तर किंमत वाढते, वजनही वाढतं. ब्रिटिश किटमधलं ३.५ लिटरचं रोव्हर व्ही-८ मुळात ब्युइकचं अॅल्युमिनियम इंजिन; हलकं, प्रामाणिक, पण कोब्राच्या आवाजाची ओढ असलेल्याला अपुरं वाटतं. शेव्हर्लेचं एलएस इंजिन चालवायला उत्तम, पण कोब्रात शेव्हर्ले म्हटलं की बरेच ग्राहक पाठ फिरवतात. ते मनात धरूनच भाव द्या.

थंड गाडी सुरू करा, आधी गरम करून ठेवलेली नको. मग वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि तापमानाचा काटा पाहत राहा. अरुंद तोंडामागच्या रेडिएटरला हवा कमी मिळते, त्यामुळे वाहतुकीत अडकली की तापणं हा या गाड्यांचा जुना आजार आहे. पंखा लागल्यावर काटा खाली यायला हवा. उतरताना बाजूच्या सायलेन्सर पाइपपासून पोटऱ्या जपा. मला डाव्या पायावर त्याचा डाग आहे.

कोब्रा नको असेल तर

पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या रेप्लिका फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलच्या तळावर बनतात. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिलिमीटर, स्पीडस्टरचा २१००. म्हणून तळ मधून कापून साधारण एक फूट आखूड करतात. तो जोड कसा केला आहे, हाच या गाडीचा प्राण. व्हँकुव्हरच्या इंटरमेकॅनिकाने पुढे स्वतःची नळ्यांची चॅसी वापरली, म्हणून ती वेगळ्या प्रतीची मानतात. फोर्डची शर्यतीची जीटी ४० हवी असेल तर परवान्याने बनलेली सुपरफॉर्मन्सची पाहा. बाकीच्यांत फार चढउतार. फेरारी २५० जीटीओच्या प्रतिकृतीपासून दूर राहा. त्यातल्या पुष्कळशा जुन्या डॅटसनवर बांधलेल्या आहेत, आणि २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने त्या गाडीचं रूप कलाकृती म्हणून संरक्षित ठरवलं आहे. पैशाच्या दृष्टीने सर्वात निर्धास्त कोणती विचाराल तर केटरहॅम. लोटसकडून १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क घेऊन ती आजवर बनते आहे, त्यामुळे तिला रेप्लिका म्हणणंही बरोबर नाही, आणि वापरलेल्या गाडीला गिऱ्हाईक कायम असतं.

पायरी ९: पैसे देताना आणि नंतर

गाडीवर कर्ज आहे का ते तपासा, आणि बांधणीचे फोटो, बिलं, तपासणीचे कागद गाडीसोबतच ताब्यात घ्या. ‘नंतर पाठवतो’ वर विसंबू नका. विमा घेताना बाजारभावाचा घेऊ नका, आधीच ठरवलेल्या रकमेचा घ्या. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस रेप्लिकेचा बाजारभाव शोधायला बसला तर त्याला तो सापडणार नाही आणि तुम्हाला पटणार नाही. ती रक्कम दर दोन वर्षांनी बदलून घ्या.

आणि पहिल्या दिवसापासून स्वतःची फाइल सुरू करा. तेल बदललं, ब्रेकचं पाणी बदललं, बुश घातला, की तारीख, मैल, बिल, एक फोटो. माझ्या दुसऱ्या कोब्राची फाइल आता तीन इंच जाड झाली आहे. मागच्या वर्षी एक गृहस्थ गाडी बघायला आले, आधी फाइल मागितली, तासभर पान न् पान वाचलं, आणि गाडीचं बॉनेट न उघडता भाव सांगितला. मी विकली नाही, पण तो भाव मी दिलेल्या पैशांहून वरचा होता.